टीममध्ये सतत कुरबुरी? माणसं बदलण्याआधी या चुका तपासा

सकाळचे सात. चाकणच्या एका कारखान्यात फर्स्ट शिफ्टचा ऑपरेटर पहिल्या पीसच्या भोकात गो गेज, म्हणजे माप तपासायची दांडी, घालून बघतो, गेज आत जात नाही. बोअर, म्हणजे ते भोक, लहान आलंय. म्हणजे इन्सर्ट, टूलचं बदलायचं कापणारं टोक, झिजलाय आणि रात्रपाळीने तो बदललेला नाही. "रात्रीवाले मुद्दाम करतात, साहेब."

मी सुपरवायझर असताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटू लागलं. रात्रपाळीच्या दोघांना समजही दिली. फरक शून्य. मग एकदा पहाटे पाचलाच जाऊन मशिनजवळ उभा राहिलो, तेव्हा उलगडा झाला. इन्सर्ट बदलून, ऑफसेट देऊन (मशिनमध्ये टूलचं माप दुरुस्त करून), पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घ्यायला वीसेक मिनिटं जायची. आमच्या बोर्डावर उत्पादनाचा आकडा लागायचा तो पाळीनिहाय, आणि इन्सेंटिव्हही त्यावरच. मग पाळी संपता संपता इन्सर्ट कोण बदलेल? फर्स्टवालेही सेकंडवाल्यांना हेच करत होते.

ज्यांचं काम एकमेकांवर अवलंबून आहे त्यांना एकमेकांविरुद्ध मोजायचं, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. ती ऑफिसातही होते. कर्मचाऱ्यांना परस्परांच्या तुलनेत वरखाली बसवण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टनेही २०१३ मध्ये बंद केली. आम्ही बोर्डावर पूर्ण दिवसाचा आकडा लावायला लागलो, तोही फक्त चांगल्या पीसचा. शिवाय दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर दहा मिनिटं मशिनपाशी एकत्र उभे राहतील असं वेळापत्रक केलं. इन्सर्ट किती पीस चालला, कुठलं माप सरकतंय, काय अर्धवट राहिलंय, एवढं तोंडी सांगायचं आणि लॉगबुकात लिहायचं. काही आठवड्यांत "रात्रीवाले" हा शब्द कमी ऐकू येऊ लागला. लोक नाव घेऊन बोलू लागले.

दुसरी चूक आपल्या तोंडून होते. कुणी वाईट बातमी घेऊन आलं की पहिला प्रश्न "कुणी केलं?" असा निघाला, तर पुढची बातमी तुमच्यापर्यंत येणारच नाही. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम आणि औषधं देताना होणाऱ्या चुका यांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता, पण नोंदलेल्या चुका तिथेच जास्त निघाल्या. कारण तिथली माणसं चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होती. टोयोटाच्या लाइनवर कामगार अडचण दिसली की दोरी ओढतो. टीम लीडर धावत येतो तो मदतीला. अडचण वेळेत सुटली नाही तरच लाइन थांबते. म्हणून "काय दिसलं?" असं विचारा, आणि सांगणाऱ्याचे आभार माना, सगळ्यांसमोर.

"सगळे मिळून बघून घ्या," असं सांगून निघून जाऊ नका. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. १९१३ मध्ये त्याने ते निष्कर्ष छापले. माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर कमी भरत गेला. कामापुढे एकाचं नाव आणि तारीख हवी, मदतीला कितीही जण असोत.

वर्षातून एकदा लोणावळ्याला नेल्याने माणसं खूश होतात, अवश्य न्या. पण बोर्ड तोच असेल तर सोमवारी भांडणही तेच असतं.

आणि भरवशाच्या एकाच माणसावर सगळा भार टाकू नका. आमच्याकडे एक सेटर, म्हणजे मशिन कामासाठी लावून देणारे, मामा होते. सगळ्या सेटिंगा त्यांच्या खिशातल्या, तेलाने काळ्या पडलेल्या डायरीत. ते रजेवर गेले की लाइन अडायची, आणि बाकीचे म्हणायचे, "मामा शिकवत नाहीत." खरं तर शिकवायला त्यांना आम्ही वेळच दिला नव्हता. शनिवारचा एक तास त्यासाठी राखून ठेवला, तेव्हा मामांनी डायरी स्वतःच पुढे केली. "झेरॉक्स काढा," म्हणाले, "पण बारा नंबरच्या मशिनचं पान हाताने उतरवून घ्या. तिथं माझं अक्षर मलाच लागत नाही."