गोचीड झाले की हमखास होणाऱ्या चुका

कुत्र्याच्या कानामागे हात फिरवताना बोटाला वाटाण्याएवढी गाठ लागते. केस बाजूला करावेत, तर करड्या रंगाचा टम्म फुगलेला गोचीड. मग बहुतेक जण तो उपटतात आणि चपलेनं चिरडतात. मी तर अंगठ्याच्या नखावर फोडायचो. ‘फट्‌’ आवाज आला, नख लाल झालं की काम फत्ते! आता ते आठवलं तरी अंगावर काटा येतो.

तो फुगलेला गोचीड म्हणजे पोट भरलेली मादी. एरंडाच्या बीसारखी दिसते ती. एरंडाच्या शास्त्रीय नावातला ‘रिसिनस’ हा लॅटिन शब्दही मुळात गोचिडाचाच. तिला आपण काढली नाही तरी एक-दोन दिवसांत ती आपणहून गळून पडणारच असते. पडली की कुठल्या तरी फटीत शिरते, हजारो अंडी घालते आणि मरते. जनावराच्या अंगावर आपल्याला दिसतात ते गोचीड एकूण गोचिडांतले थोडेच. बाकीचे भिंतीत, गव्हाणीखाली, पालापाचोळ्यात असतात. इथून पुढच्या जवळपास सगळ्या चुका हे विसरल्यामुळे होतात.

काढताना

रॉकेल, तेल, व्हॅसलीन, पेटती काडी, मीठ... घरोघरी एकेक उपाय असतो. तेलानं गोचीड गुदमरेल आणि तोंड सोडेल अशी समजूत. पण तो तासाभरात मोजक्याच वेळा श्वास घेतो, त्याला गुदमरायला खूप वेळ लागतो. तोवर चटका किंवा रसायन लागून तो पोटातलं आणि लाळेतलं जखमेतच ओकण्याची भीती असते, आणि रोगाचे जंतू असतात ते त्यातच.

त्याच्या सोंडेला मागे वळलेले दाते असतात, शिवाय बऱ्याच जाती लाळेचा सिमेंटसारखा घट्ट थर करून स्वतःला चिकटवून घेतात. म्हणून पोटाला धरून ओढलं की पोट हातात येतं आणि तोंड कातडीत राहतं. बारीक टोकाचा चिमटा घ्या, पोटाला नव्हे तर कातडीला अगदी टेकून तोंडाजवळ धरा आणि एकाच संथ जोरानं सरळ वर ओढा. हिसका नको, पिळणं नको. कातडी जराशी तंबूसारखी वर उचलली जाते, क्षणभर काहीच होत नाही आणि मग तो सुटतो. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुईनं उकरत बसू नका; कातडी तो काही दिवसांत बाहेर टाकते. जागा साबणानं धुवा.

काढलेला गोचीड झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाका. बोटांनी फोडायचा नाही, हे नियम म्हणून पाळा. क्रायमियन-काँगो या गोचिडातून पसरणाऱ्या जीवघेण्या तापाचा विषाणू चिरडलेल्या गोचिडातून आणि जनावराच्या रक्तातून बोटावरच्या साध्या ओरखड्यावाटे माणसात येऊ शकतो. त्या जनावराला मात्र काहीही झालेलं दिसत नाही, म्हणून आपण बेसावध असतो. भारतात हा ताप २०११ साली गुजरातमध्ये पहिल्यांदा आढळला, तेव्हा रुग्णावर उपचार करणाऱ्यांनाही त्याची लागण झाली होती.

‘औषध मारलं, तरी परत आलेच’

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि दोष बहुधा औषधाचा नसतो.

पहिलं कारण म्हणजे फवारणी फक्त पाठीवर झालेली असते. गोचीड बसतात कानाच्या आत, गळ्याच्या लोंबत्या पोळीखाली, कासेजवळ, जांघेत, शेपटीखाली. कुत्र्याच्या तर बोटांच्या बेचक्यातही. पाठ चकचकीत ओली आणि कास कोरडी, अशी फवारणी मी अनेकदा पाहिली आहे. मात्र कासेला औषध लावलंत तर दूध काढण्यापूर्वी ती नीट धुवा, आणि औषधानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही ते लेबलवर वाचा.

दुसरं कारण गोठा किंवा घर. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड वरच्या दिशेनं चढतो. तुम्ही फरशी पुसत असता, तेव्हा तो पडद्याच्या घडीत, दाराच्या चौकटीत, छताच्या कोपऱ्यात असतो. फटी लिंपून घ्या, झोपायची गोधडी उकळत्या पाण्यातून काढा आणि फवारणी भिंतीवरही करा (जनावरं बाहेर बांधून, गव्हाण झाकून). अंड्यांवर बहुतेक औषधांचा फारसा परिणाम होत नाही. ती फुटून पिल्लं बाहेर पडली की, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, पुन्हा फवारावंच लागतं. एका फवारणीत काम संपलं असं समजणारा महिन्याभरात परत चिमटा शोधत असतो. उपाशी गोचीड कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे जागा थोडे दिवस रिकामी ठेवूनही भागत नाही.

तिसरं, दहापैकी आठ जनावरांना औषध. सुटलेली दोन पुरेशी असतात.

चौथं, मात्रा. ‘जरा कमीच घालू, जनावराला त्रास नको’ म्हणून औषध पातळ करणं म्हणजे गोचिडांना त्याची सवय लावणं. कमी मात्रेत मरतात ते अशक्त, आणि वाचतात त्यांचीच पुढची पिढी होते. तेच एक औषध वर्षानुवर्षं वापरल्यानंही हेच होतं. बदलायचं तर नुसतं कंपनीचं नाव नव्हे, औषधाचा गट बदला. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत डेल्टामेथ्रीन हे एकच औषध असू शकतं.

एक मात्र लक्षात घ्या. कुत्र्याला तोंडावाटे द्यायच्या नव्या गोळ्यांनी गोचीड चावल्यावर मरतो. म्हणून गोळी दिल्यावर काही तास जिवंत गोचीड दिसला तर गोळी वाया गेली असं नाही. मानेवर थेंब टाकायच्या औषधाचं उलट. त्याच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी शाम्पूनं आंघोळ घातली की ते खरोखर वाया जातं.

एकाचं औषध दुसऱ्याला

कुत्र्यासाठीचं परमेथ्रीन मांजराला लावू नका. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. थरथर, झटके आणि मृत्यूपर्यंत गोष्ट जाते. घोड्याला अमिट्राझ नको. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनची जास्त मात्रा सोसत नाही. फिट येणाऱ्या कुत्र्याला नवी गोळी द्यायची तर आधी डॉक्टरांना विचारा.

ताप ओळखताना

‘अंगावर एकही गोचीड नाही, मग गोचीड ताप कसा?’ असाच. चावणारा केव्हाच गळून गेलेला असतो, आजार मागाहून वर येतो. गाईचं खाणं आणि दूध अचानक घटलं, ताप चढला, खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागत असेल तर थायलेरिया हा गोचिडातून होणारा रोग डोक्यात आणा. लघवी कॉफीसारखी लाल-काळी झाली तर बबेसिया, हाही गोचिडाचाच रोग. संकरित गाईंना या रोगांचा फटका जास्त बसतो. कुत्रा मलूल, हिरड्या फिकट, नाकातून रक्त, असं असेल तर एर्लिकिया. हा गोचिडातून येणारा रोग चावल्यानंतर महिन्यांनीही डोकं वर काढू शकतो.

इथे दोन चुका सतत होतात. एक म्हणजे रक्ताचा नमुना घेण्याआधीच औषध टोचणं. मग काचपट्टीवर जंतू सापडत नाहीत आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. दुसरी, कुत्रा चौथ्या दिवशी शेपूट हलवायला लागला म्हणून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक बंद करणं. एर्लिकियासाठी ते सहसा चार आठवडे चालतं.

जनावरांत गोचिडातून रोग पसरतो हे स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकी संशोधकांनी १८९३ सालीच दाखवून दिलं, डासातल्या मलेरियावरच्या रॉस यांच्या शोधाच्या चार वर्षं आधी. तरी आजही जनावर तापलं की गोचिडाचा विचार सगळ्यात शेवटी होतो.

माणसांच्या बाबतीत

गोचीड उडी मारत नाही, उडत नाही. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट पाहतो आणि घासून जाणाऱ्याला चिकटतो. लाळेमुळे चावल्याचं कळतही नाही, म्हणून रानातून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांत मुद्दाम बघावं लागतं. लाइमसारख्या आजाराचा जंतू बहुधा गोचीड दिवसभराहून जास्त चिकटून राहिला तरच शरीरात जातो, पण काही विषाणूंना तेवढाही वेळ लागत नाही. तेव्हा ‘उद्या दवाखान्यात काढू’ नको, सापडल्या जागी काढा.

माकडताप या गोचिडातून माणसाला होणाऱ्या रोगाच्या पट्ट्यात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊन पाहायचं नाही. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि त्या जागेभोवती दबा धरून बसतात. हा रोग १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. डिसेंबर ते मे हा त्याचा जोराचा काळ, म्हणजे लाकूडफाट्यासाठी रानात जाण्याचेच दिवस.

चावल्यावर महिन्याभरात ताप, पुरळ किंवा जबर डोकेदुखी आली तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो. गेल्या वेळची नोंद अशी: ‘१२ तारीख, डावा गुडघा, मागून. चिमट्यानं काढला, तोंडासकट.’