जुन्या पलंगाला रंग देण्यापूर्वी
बेळगाव-खानापूर भागात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की, त्या दिवसांत लाकडाला दिलेला ऑइल पेंट लवकर वाळत नाही आणि हाताला चिकटत राहतो. म्हणून जुन्या पलंगाचे किंवा कपाटाचे काम दिवाळीनंतरच काढावे.

नव्या रंगाचे पोपडे निघण्यास बहुधा जुना तेलकटपणा कारणीभूत असतो. पलंगाच्या उशाकडील फळीवर डोक्याच्या तेलाचा काळपट पट्टा मुरलेला असतो. तो आधी साबणाच्या कोमट पाण्याने आणि फळी वाळल्यावर टर्पेंटाइनच्या फडक्याने, फडके स्वच्छ निघू लागेपर्यंत पुसावा. हे टाळून थेट पॉलिश पेपर मारल्यास तेल आणखी पसरते आणि रंगावर बारीक खळगे उमटतात.

त्यानंतर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे, खिळ्यांची भोके लांबीने (पुट्टीने) भरावीत, ती वाळल्यावर २२० नंबरचा कागद फिरवून प्राइमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) हात द्यावा. घरगुती रंगांतील शिसे या विषारी धातूवर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते; तो कोरडा न घासता वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या कागदाने) ओला घासावा, मुलांना दूर ठेवावे आणि लाकूड पूर्ण वाळू द्यावे.

रंगाचा एकच जाड हात ओघळतो. दोन पातळ हात, मध्ये एक रात्र सोडून, द्यावेत. पलंग अस्सल सागवानी निघाला तर मात्र, माझ्या मते, रंगाचा डबा बाजूला ठेवून पॉलिशच करावे.