स्कॅलॉप घरी शिजवताना: आधी पाणी टिपा, मग तवा तापवा

स्कॅलॉप हा दोन शिंपांच्या आत राहणारा समुद्री जीव आहे आणि आपण त्याचा खातो तो भाग म्हणजे बहुतेक वेळा शिंपा घट्ट मिटून धरणारा गोल, पांढरट स्नायू. त्यात चरबी जवळजवळ नसते, चव मुळातच गोडसर असते आणि तो एवढा नाजूक असतो की एखादे मिनिट जास्त झाले तरी वातड होतो. त्यामुळे मसाल्यापेक्षा येथे वेळेकडे अधिक लक्ष द्यावे लागते आणि त्याहीआधी पाण्याकडे.

बाजारात मिळणारे काही स्कॅलॉप फॉस्फेटच्या द्रावणात भिजवलेले असतात. ते पाणी धरून ठेवतात, वजनाला जास्त भरतात आणि तवा तापल्यावर तेच पाणी बाहेर सोडतात. मग ते भाजले न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतात. म्हणून पाकिटावरील घटकांच्या यादीत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट दिसल्यास दुसरे पाकीट शोधावे. न भिजवलेले स्कॅलॉप अगदी शुभ्र नसतात. त्यांच्यावर सायीसारखी किंवा फिकट गुलाबी झाक असते. वास समुद्राचा आणि गोडसर असावा. आंबट किंवा उग्र वास आल्यास ते घेऊ नयेत.

गोठवलेले स्कॅलॉप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सावकाश सुटू द्यावेत. प्रत्येकाच्या कडेला एक लहान, चिवट पट्टी चिकटलेली असते. तिचे तंतू बाकी स्नायूच्या तंतूंना आडवे जात असल्यामुळे ती बोटाला लगेच जाणवते आणि चिमटीत धरून ओढली की सुटते. त्यानंतर स्कॅलॉप कागदी टॉवेलवर पसरून वरूनही टिपून घ्यावेत आणि शक्य असल्यास तसेच पंधरा-वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावेत. मीठ मात्र तव्यावर टाकण्याच्या अगदी आधीच लावावे, कारण आधी लावलेले मीठ पुन्हा पाणी ओढून बाहेर काढते.

तव्यावर भाजणे ही माझ्या मते सर्वांत उत्तम पद्धत आहे. बिडाचा किंवा जाड बुडाचा स्टीलचा तवा मोठ्या आचेवर चांगला तापवून त्यावर उच्च तापमान सोसणारे तेल घालावे आणि तेलातून धुराची पहिली रेघ निघताच स्कॅलॉप एकेक करून, मध्ये बोटभर अंतर सोडून, ठेवावेत. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मांडले, तर उलटताना कोणता आधी ठेवला होता हे लक्षात राहते. मोठ्या स्कॅलॉपला एका बाजूने सुमारे दोन मिनिटे लागतात. या वेळात ते हलवू नयेत, कारण खरपूस थर तयार झाला की ते तव्यापासून आपोआप सुटतात. ओढावे लागत असल्यास अजून अर्धा मिनिट थांबावे. बाजूने पाहिल्यास खालून वर चढत जाणारी पांढरी कड स्पष्ट दिसते. उलटल्यावर आच थोडी कमी करून लोणी आणि ठेचलेली लसूण घालावी, तवा किंचित तिरपा करून फेसाळलेले लोणी चमच्याने वरून सोडत राहावे आणि मिनिट-दीड मिनिटात स्कॅलॉप ताटलीत काढून घ्यावेत. लोणी सुरुवातीलाच घातले तर करपते. तयार स्कॅलॉप बोटाने दाबल्यावर मऊ पण लवचीक लागतो आणि आतून अपारदर्शक दिसतो. लिंबू शेवटीच पिळावे. लिंबाच्या रसात मुरवल्याने स्कॅलॉप शिजल्यासारखा दिसतो, पण उष्णतेप्रमाणे जंतू मरत नाहीत, हे विसरू नये. शिंपल्यांची ॲलर्जी असलेल्यांनी तर स्कॅलॉप टाळावेतच.

निखाऱ्यावर किंवा ग्रिलवर भाजायचे असल्यास दोन समांतर सळयांत ओवावेत. एकाच सळईवर ते गोल फिरतात आणि नीट उलटता येत नाहीत. ओव्हनमध्ये 220 अंश सेल्सिअसला, वर लोणी व पावाचा चुरा घालून, आठ ते दहा मिनिटे पुरतात. वाफेवर तीन-चार मिनिटांत होतात. खरपूसपणा मिळत नाही, पण मूळ गोडवा सर्वांत स्पष्ट याच पद्धतीत कळतो. लहान आकाराचे स्कॅलॉप सुपात किंवा पास्त्यात गॅस बंद करण्याच्या जेमतेम मिनिटभर आधी घालावेत.

उरलेले स्कॅलॉप पुन्हा गरम केल्यास चिवट होतात, म्हणून ते लगेच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पातळ चकत्या करून, थंडच सॅलडमध्ये घालावेत.