रंग चढलेले जुने नाणे: साफ करावे की तसेच ठेवावे?

जुन्या चांदीच्या नाण्यावर काळपट किंवा निळसर झाक दिसली की ते घासून लख्ख करावे, असे बहुतेकांना वाटते. मात्र चुकीच्या पद्धतीने घासलेल्या नाण्याला त्याचे मूळ रूप पुन्हा मिळत नाही, आणि न घासलेले नाणे पुढे केव्हाही तज्ज्ञाकडे नेता येते. त्यामुळे निर्णयाची घाई करू नये.

चांदीवरचा हा रंग वरून बसलेला मळ नसतो. हवेतील, तसेच पुठ्ठा, रबर, लोकर यांतून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूंमुळे नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो. प्रकाशलहरींच्या व्यतिकरणामुळे, म्हणजे थराच्या वरच्या व खालच्या बाजूने परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे, तो आधी पिवळसर, मग तांबूस, जांभळा, निळा असा दिसत जातो आणि फार जाड झाला की काळा पडतो. हा थर नाण्याच्याच चांदीतून तयार झालेला असल्यामुळे तो काढला की नाण्याचा तेवढा अंशही जातो.

पहिली पायरी तपासणीची. टेबलावर मऊ कापड अंथरावे, नाणे फक्त कडेला धरावे आणि एकाच दिव्याच्या उजेडात, पाच ते दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून सावकाश तिरके करत पाहावे. नाणे पाडताना धातू साच्यात दाबला जाऊन पसरतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. त्यांच्यामुळेच न वापरलेले नाणे फिरवले की उजेडाचा पट्टा त्याच्याभोवती फिरताना दिसतो. रंगाखालूनही हा पट्टा स्पष्ट फिरत असेल, तर नाण्याला हात लावू नये. असा नैसर्गिक रंग आवडणारे संग्राहक त्यासाठी जास्त किंमतही मोजतात, म्हणूनच कृत्रिम रंग चढवण्याचे उद्योग चालतात. वर सांगितलेला रंगांचा क्रम जुळत नसेल किंवा रंग वर तरंगल्यासारखा भडक दिसत असेल, तर शंका घ्यावी. याउलट थर काळाकुट्ट व खरबरीत असेल, तर त्याखालचा पृष्ठभाग बहुधा आधीच खाल्ला गेलेला असतो. साफ केल्यावर खड्डे तेवढे उघडे पडतात.

नाणे साफ करणे खरोखर गरजेचे ठरते ते वेगळ्या कारणाने. पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटात बरीच वर्षे राहिलेल्या नाण्यावर हिरवट, चिकट पापुद्रा येतो. तो आम्लधर्मी असल्याने धातूला हळूहळू खात राहतो. तो काढण्यासाठी शुद्ध अॅसिटोन वापरावे, कारण ते पापुद्रा विरघळवते, पण धातूला किंवा नैसर्गिक रंगाला धक्का लावत नाही. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात सुगंध व तेल मिसळलेले असते, म्हणून तो घेऊ नये. काचेच्या भांड्यात नाणे काही मिनिटे बुडवून ठेवावे, दुसऱ्या भांड्यातील ताज्या अॅसिटोनमध्ये धुवावे आणि न पुसता आपोआप वाळू द्यावे. अॅसिटोन चटकन पेट घेते, त्यामुळे जवळपास ज्योत नसावी आणि खिडक्या उघड्या असाव्यात. नुसती धूळ किंवा माती असेल, तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवणे पुरते. मात्र त्यानंतर नाणे मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडे करावे. कोणत्याही टप्प्यावर घासायचे नाही.

टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि भांड्यांची पॉलिश यांनी केसासारखे असंख्य ओरखडे पडतात, जे भिंगाखाली लगेच ओळखू येतात. पीसीजीएस व एनजीसी या नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या अमेरिकन कंपन्या अशा नाण्यांना १ ते ७० या मोजपट्टीवरचा अंक न देता ‘डिटेल्स’ (नाणे खरे, पण पृष्ठभाग खराब झालेला) असा शेरा देतात. बाजारात मिळणाऱ्या आम्ल व थायोयुरियाच्या द्रावणात नाणे क्षणभर बुडवले तरी ते पांढरे होते, पण प्रत्येक बुडीला त्या सूक्ष्म रेषा थोड्या झिजतात आणि शेवटी नाणे पांढरे पण निस्तेज दिसते. माझ्या मते नवशिक्याने हे द्रावण घरात आणूच नये.

तांब्याच्या बाबतीत तर आणखी जपावे. त्याची प्रतवारी लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी अशी रंगावरच ठरते, आणि साफ केलेल्या तांब्याचा अनैसर्गिक गुलाबी रंग जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. तांब्यावर किंवा कांस्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी ठिपकी वाढताना दिसली, तर ते क्लोराइडमुळे होणारे आणि ओलाव्यात पसरत जाणारे क्षरण असते. असे नाणे इतरांपासून वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे आणि तज्ज्ञाला दाखवावे.

ज्या नाण्यांना हात लावायचा नाही असे ठरले, त्यांचा रंग आहे तिथेच थांबावा यासाठी ती पॉलिएस्टरच्या पाकिटांत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावीत. ओकच्या लाकडातून आम्ल वाफा निघतात, त्यामुळे त्या लाकडाचे कप्पे टाळावेत. पुडी ओलावा शोषून भरली की बदलावी, आणि पाकिटे वर्षातून एकदा तरी उघडून पाहावीत.