स्नोमोबाइलसाठी निसर्गरम्य मार्ग कसा निवडावा: सोलापूरच्या प्रवाशांसाठी

सोलापुरातून बर्फ पाहायला निघणारी मंडळी हॉटेल, गाडी आणि विमान यांची चौकशी कितीतरी आधीपासून करतात, पण स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या स्कूटरसारख्या यंत्राचा, मार्ग मात्र तिथे पोहोचल्यावर, जो पहिला माणूस दर सांगेल त्याच्या भरवशावर ठरतो. वास्तविक त्याच बाबतीत आधी विचार करायला हवा, कारण एकाच ठिकाणचे दोन मार्ग डोळ्यांना अगदी वेगळे काही दाखवतात.

आपल्याला छोटी फेरी हवी आहे की लांबचा मार्ग, हे प्रथम ठरवावे. गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलंगला बहुतेक वेळा फेरीच मिळते. यंत्र स्थानिक चालकाच्या हाती असते, आपण मागे बसतो आणि थोड्या वेळात निघालो तिथेच परत येतो. स्वतः चालवत दिवसभर हिंडायचे असेल, तर फिनलंडमधील लॅपलँड, कॅनडातील क्युबेक किंवा अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान यांचा विचार करावा. यलोस्टोनमध्ये साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच स्नोमोबाइल चालतात, त्याही परवानाधारक मार्गदर्शकाबरोबर किंवा आधी मिळवलेल्या परवान्यावर. लॅपलँडमध्ये चालकाकडे वाहन चालवण्याचा परवाना असावा लागतो, तेव्हा आपला परवाना चालेल का, हे सहल कंपनीकडून पैसे भरण्यापूर्वीच लेखी घ्यावे.

पहिल्यांदाच बर्फात जाणाऱ्या कुटुंबाने गुलमर्ग निवडावे, असे माझे मत आहे. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली आणि तिथून विमानाने श्रीनगर, असा प्रवास जमतो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरी ३,००० मीटरच्या थोडा वर. आपले सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटरवर असल्याने पहिला दिवस खालच्या सपाट मैदानावरच काढावा आणि कोंगडोरीची फेरी दुसऱ्या दिवशी घ्यावी. खालची फेरी गोल्फच्या मैदानावर आणि फर या सूचिपर्णी झाडांच्या कडेने होते. वर गेल्यावर झाडी विरळ होऊन अफरवट डोंगराचा उतार समोर येतो. हवा स्वच्छ असेल, तर गुलमर्गहून उत्तरेकडे ८,१२६ मीटर उंचीचा नंगा पर्वतही दिसतो. म्हणून फेरी ठरवताना चालकाला, तो कुठे थांबणार आणि तिथून कोणती बाजू दिसते, एवढे तरी विचारावे.

मार्गाची शोभा निम्मी उजेडावर असते, आणि नेमके हेच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ढगाळ दिवशी उघड्या बर्फावर सावलीच पडत नाही. आकाश आणि जमीन यांचा रंग एक होतो, समोरचा खड्डा किंवा उंचवटा यंत्राखाली आल्यावरच कळतो, आणि ज्या डोंगरासाठी पैसे मोजले तो पांढऱ्या पडद्याआड राहतो. अशा दिवशी झाडीतून जाणारा मार्ग घ्यावा, कारण काळ्या खोडांमुळे अंतराचा आणि चढउताराचा अंदाज येतो, शिवाय वाराही अडतो. उघड्या उताराचा मार्ग निरभ्र सकाळसाठी राखून ठेवावा, तेव्हा तिरप्या उन्हात बर्फावरची प्रत्येक लहर उठून दिसते. गॉगल पिवळसर काचेचा असल्यास ढगाळ उजेडात थोडे बरे दिसते, कडक उन्हात मात्र गडद काचच हवी.

तारखांचेही असेच आहे. काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा चिल्लई कलां २१ डिसेंबरला सुरू होतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक सोडून बाहेरगावी जाणे अनेक सोलापूरकरांच्या जिवावर येते. त्यात तोटा काही नाही, कारण यात्रा आटोपून जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत निघाले तरी गुलमर्गला बर्फ चांगला साठलेला असतो. लॅपलँडच्या उत्तर भागात मात्र डिसेंबरमध्ये सूर्य उगवतच नाही. दुपारचा निळसर संधिप्रकाश सुंदर असतो, पण लांबच्या मार्गासाठी अपुरा पडतो. तिथे मार्च उत्तम, दिवस मोठा असतो आणि बर्फही टिकून असतो.

नवख्याने यंत्राने दाबून सपाट केलेला, खुणांचे खांब लावलेला मार्गच घ्यावा. ताज्या भुसभुशीत बर्फात यंत्र रुतते आणि ते काढताना दम निघतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असल्याने, तशा उताराच्या पायथ्याशी फोटोसाठीही थांबू नये. गोठलेल्या तळ्यावर मार्ग आखलेला नसेल, तर चालकाने कितीही आग्रह केला तरी नकार द्यावा.

वेगामुळे थंडी किती वाढते, याची आपल्याकडे कल्पना नसते. उणे १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा अंगावर घेतला, की उघड्या त्वचेला ती थंडी उणे २१ अंशांसारखी लागते. सोलापुरी चादर कितीही लाडकी असली तरी ती सुती आहे. ओली झाली की ऊब देत नाही, म्हणून ती हॉटेलच्या खोलीतच ठेवावी. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे आणि वरून वारा अडवणारे जाकीट घालावे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र जरूर न्यावी; प्रवासात दोन्ही कित्येक दिवस टिकतात.

दर ठरवताना फेरी किती किलोमीटरची, हेल्मेट त्यातच मिळणार का, आणि हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळणार का, हे स्पष्ट बोलून घ्यावे. जोराच्या वाऱ्यात गोंडोला बंद राहतो आणि बर्फवृष्टीत श्रीनगरची विमानेही रद्द होतात, म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवावा.