किटकॅट काढून डीबी बसवताना टेस्ट रिपोर्ट कसा घ्यावा

परभणीच्या जुन्या वस्तीत एका मावशींचं माळवदाचं घर आहे. मे महिन्यात त्यांनी मला बोलावलं ते कूलरसाठी. "पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात रे बाबा, बघ जरा." कूलर बाजूला ठेवून मी आधी मीटरखालचा लाकडी बोर्ड उघडला. चार किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचे चिनी मातीचे फ्यूज, होते आणि चारही किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी वायरमधली तांब्याची तार, तीन पदरी पिळून भरलेली. असली तार वितळायच्या आधी भिंतीतली वायर जळते.

मी नवीन डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारा डबा, बसवायचं आणि टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंगच्या चाचण्यांचा सहीचा कागद, करायचं म्हटल्यावर मावशींचा पुतण्या म्हणाला, "भाऊ, जुना डबा काढायचा, नवा लावायचा. त्याला कागद कशाला?" हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकायला मिळतो.

फ्यूजची तार, दिवा, पंखा, बटण बदलायला परवाना लागत नाही. पण अख्खा बोर्ड बदलणं म्हणजे वायरिंगमध्ये फेरफार. तो राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचा, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे वायरमनचं परमिट हवं. हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांतही आहे. आयटीआयचं तारतंत्री किंवा वीजतंत्रीचं प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण झाल्याचा पुरावा. परवाना वेगळा असतो. म्हणून भाव ठरवण्याआधी परवाना बघायला मागा, त्याची मुदत वाचा आणि नंबर उतरवून घ्या. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही.

मग वीजबिल काढा. त्यावरचा मंजूर भार आणि घरात खरोखर चालणारी उपकरणं यांचा मेळ बसत नसेल, तर वाढीव भाराचा अर्ज महावितरणकडे आधी करा. त्या अर्जाला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागितला जाऊ शकतो. नुसता बोर्ड बदलला तर मात्र तो मागायला दारात कुणी येत नाही, म्हणून तो आपणच मागायचा.

काम सुरू करताना मीटरचं सील तोडू नका, कुणाला तोडू देऊ नका. मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या टोकाला वीज असतेच. मीटरकडून येणारा पुरवठा महावितरणच्या माणसाकडून बंद करून घ्या आणि टेस्टरवर न थांबता मल्टिमीटर लावून खात्री करा.

नव्या डीबीत काय हवं? एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा खटका, वायर बघून निवडायचा: दीड चौरस मिलिमीटरच्या दिव्यांच्या वायरला मी १० अँपिअर लावतो, अडीचच्या प्लगच्या वायरला १६. एसी घेणार म्हणून जुन्या बारीक वायरवर ३२ चा एमसीबी चढवला, की किटकॅटमधल्या तांब्याच्या तारेचीच गत. आणि आरसीसीबी, म्हणजे गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा खटका, ३० मिलिअँपिअरचा. कूलरच्या पंपातून पत्र्यात उतरणारी वीज फ्यूजला जाणवतही नाही, पण माणसाचा जीव घ्यायला पुरते. प्रत्येक नगावर आयएसआय खूण बघा.

आता चाचण्या. रिपोर्टचा जीव यांत आहे. मावशींकडे मी सगळी उपकरणं काढून, दिवे उतरवून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र, मिनिटभर लावला. निदान १ मेगाओहम यायला हवा. स्वयंपाकघराच्या सर्किटला ०.२ आला. पावसाळ्यात माळवद तिथंच गळतं, आणि पट्टीखालची वायर भिंतीच्या ओलीनं कुजली होती. तेवढा तुकडा नवीन ओढला, तेव्हा आकडा चढला. नुसता डबा बदलून गेलो असतो तर हे कधीच कळलं नसतं.

अर्थिंगनं मला जास्त वेळ घेतला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मेमध्ये कामाची राहत नाही. अर्थ टेस्टरवर ३८ ओहम आले. दोन बादल्या पाणी ओतल्यावर १४. मग कोळसा-मीठ घालून नवीन खड्डा केला आणि ४ वर आणलं. मी ५ च्या आत आल्याशिवाय सही करत नाही. इथं एक गैरसमज फार आहे: आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर खटका पडला, की लोक अर्थिंग ठीक धरतात. ते बटण अर्थिंग नसतानाही चालतं. अर्थिंग मोजावीच लागते.

पहिल्यांदा वीज सोडली तेव्हा आरसीसीबी लगेच पडला. दोन खोल्यांनी एकच न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, वाटून घेतला होता आणि तो आरसीसीबीतून न जाता बाहेरून जात होता. जुन्या घरात हे हमखास निघतं. अशा वेळी आरसीसीबी काढून टाकणारा माणूस घरात ठेवू नका. न्यूट्रल वेगळे करून आरसीसीबीतून घ्यायला लावा.

पैसे द्यायच्या आधी रिपोर्ट वाचा. त्यावर ग्राहक क्रमांक, जोडलेला भार, प्रत्येक सर्किटचा मेगरचा आकडा, अर्थिंगचा आकडा, तारीख, ठेकेदाराचा परवाना क्रमांक, सुपरवायझरचा प्रमाणपत्र क्रमांक आणि दोघांच्या सह्या हव्यात. आकड्यांच्या जागी नुसतं "ठीक" लिहिलं असेल तर कागद परत करा आणि मेगर तुमच्या डोळ्यांसमोर लावायला सांगा.

मावशींनी त्यांची प्रत सातबाऱ्यासोबत पेटीत ठेवली. एक झेरॉक्स मी डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवली आणि खाली खडूनं लिहिलं: महिन्यातून एकदा टेस्ट बटण, उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी खड्ड्यात.