थंडीत अंगणातील झुडपे कुंडीत कशी हलवावीत

घरकुलाचे बांधकाम निघाले, भावाभावांत अंगणाची वाटणी झाली किंवा नाली खोदायची ठरली, की सांदवाडीतला जुना मोगरा नेमका आखणीत येतो आणि तो तोडण्याऐवजी कुंडीत घ्यावा, असा विचार घरात सुरू होतो. विदर्भात हे काम डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत उरकावे. रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला तरी येथील थंडीने अशा झुडपांची मुळे मरत नाहीत. खरा धोका आहे तो पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या मे महिन्याचा. थंडीत पानांतून पाणी कमी उडत असल्याने तुटलेल्या मुळांवर भार कमी पडतो आणि ऊन तापण्याआधी नव्या मुळांना कुंडीत जम बसवण्यास अवधी मिळतो.

मोगरा या कामाला सर्वांत सोयीचा, कारण या दिवसांत तो विश्रांती घेत असतो आणि त्याची छाटणीही याच सुमारास करायची असते. जास्वंद, तगर, गुलाब आणि अनंतही हलवता येतात. खोड मनगटाएवढे जाड झाले असेल तर मात्र त्या फंदात पडू नये. मोठा कढीपत्ता हलवण्यापेक्षा त्याच्या बुडाशी आलेला फुटवा मुळासकट काढून लावणे केव्हाही शहाणपणाचे.

झुडूप काढण्याच्या तीन-चार आठवडे आधी खोडाभोवती अर्ध्या वर्तुळात फावड्याने उभा काप द्यावा, म्हणजे कापलेल्या मुळांना गोळ्याच्या, म्हणजे झुडपासोबत उचलायच्या मुळांभोवतीच्या मातीच्या गठ्ठ्याच्या, आतच बारीक तंतुमुळे फुटतात. अंगठ्याएवढ्या खोडाला हा काप सहा-सात इंच अंतरावर असावा. काढण्याच्या दिवशी फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात आणि कळ्या-फुले निर्दयपणे खुडावीत.

काळ्या जमिनीत सगळे यश वाफशावर, म्हणजे मातीत ना फार ओल ना फार कोरडेपणा अशा स्थितीवर, अवलंबून असते. ओली काळी माती फावड्याला चिकटून मुळे ओढते, तर वाळलेली माती ढेकळे होऊन मुळांपासून सुटते. म्हणून तीन-चार दिवस आधी भरपूर पाणी द्यावे आणि नंतर माती तपासावी. मुठीत दाबल्यावर तिचा लाडू व्हावा, पण कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर तो फुटावा. पसरट होऊन जमिनीला चिकटला तर आणखी एक दिवस थांबावे. खोदाई दुपारी चारनंतर करावी. कुदळीने भोवती चर घेऊन तळाची मुळे धारदार विळ्याने किंवा कात्रीने कापावीत. सब्बल लावून झुडूप उचकटण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्या एका झटक्यात गोळा फुटतो आणि महिनाभराची तयारी वाया जाते. गोळ्याखाली ओला बारदाना सरकवून सुतळीने घट्ट बांधावे आणि दोघांनी बारदाना धरून उचलावे, खोड धरून नव्हे.

कुंडी १६ ते १८ इंची असावी आणि तळाच्या छिद्रांवर फुटक्या कवेलूचे तुकडे पालथे ठेवावेत. नुसती काळी माती कुंडीत भरू नये, कारण ती वाळताना आक्रसते आणि दिलेले पाणी कडेच्या फटीतून थेट खाली निघून जाते. दोन भाग तलावाचा गाळ किंवा लाल माती, एक भाग रेती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, एवढे पुरते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून मुळे खाणारी हुमणी अळी येते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

येथे एक बारकावा बहुतेकांकडून राहून जातो. काळ्या मातीचा घट्ट गोळा भुसभुशीत मिश्रणात जसाच्या तसा ठेवला, तर पाणी बाहेरच्या मातीतून वाहून जाते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. त्यामुळे बारदाना काढल्यावर काडीने गोळ्याची बाहेरची इंचभर माती हलके उकरून मुळांची टोके मोकळी करावीत आणि पुढचे काही आठवडे पाणी खोडाजवळ, सावकाश द्यावे. खोड पूर्वी जेवढे मातीत होते तेवढेच ठेवावे आणि वर दोन इंच जागा पाण्यासाठी सोडावी.

पहिले पाणी तळातून निथळेपर्यंत द्यावे. त्यानंतर बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली तरच पुन्हा द्यावे. रोजच्या तांब्याभर पाण्याने मुळे कुजतात. पहिले पंधरा दिवस कुंडी उजेडाच्या सावलीत, शक्यतो पूर्वेकडच्या छपरीत ठेवावी. पाने पिवळी पडून गळतील, पण त्याने घाबरून युरिया टाकू नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झुडूप जिवंत आहे. वाळवी लागू नये म्हणून कुंडी जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवावी, आणि फेब्रुवारीत आभाळ भरून आले की गारांपासून वाचवण्यासाठी आडोशाला घ्यावी. नवी फूट बोटभर वाढली की मूठभर शेणखत द्यावे, आणि मार्चच्या मध्यापासून कुंडीच्या बाहेरून ओला बारदाना गुंडाळून दुपारचे ऊन थेट कडांवर पडू देऊ नये.